छोटूचा कोपरा

मी एक तीन माणसांचा सोफा आहे. निदान ज्या सुताराने मला बनवलं, त्याची तरी तशीच समजूत होती. सध्या माझ्यावर एक कुत्रा बसतो आणि उरलेल्या जागेत त्याचे केस.

सुरुवातीलाच तोंड वाजवतोय, माफ करा. पण मला किळस आलीय, आणि किळस आलेल्याला गोड बोलता येत नाही.

मला बनवून घेतलं ते आप्पांनी. आप्पा म्हणजे या घरातले आजोबा. त्यांचं सगळं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं, त्यामुळे माझं कापडही त्यांनी डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडलं. चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाले, "हं, हे टिकेल." खिडकीकडचा कोपरा त्यांचा ठरला. सकाळचा चहा, पेपर, दुपारची डुलकी, सगळं तिथेच. पुढे त्यांचे कान गेले. मग त्यांना एक सवय लागली. बसलं की उजवा तळवा माझ्या लाकडी हातावर ठेवायचे. रस्त्यावरून ट्रक गेला की म्हणायचे, "जड गाडी गेली वाटतं." ऐकू काही यायचं नाही, पण हाताला कळायचं.

घरातल्या बाकीच्यांचं काय सांगू? आप्पांचा मुलगा माझ्यावर बसून पायाची नखं कापतो आणि तुकडे माझ्या फटीत ढकलतो. सूनबाई माझ्या कव्हरला तेलकट हात पुसते आणि पाहुणे यायच्या आत कव्हर उलटं घालते. हे सगळं मी पचवलं. माणसं म्हटली की घाण आलीच.

मग छोटू आला. तेव्हा तो खरंच छोटू होता. जुन्या टॉवेलवर ठेवून त्याला माझ्या एका कडेला बसवलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आधी टॉवेलापुरता होता, मग उशीपुरता, मग लांबच्या लांब आडवा. माझ्या फोममध्ये त्याची लाळ मुरली. चघळलेल्या बिस्किटांचा लगदा माझ्या शिवणीत वाळला. एकदा त्याने माझ्यावर ओकून ते पुन्हा खाल्लं आणि घरातली मोठी माणसं "अगं बाई, किती गोड" म्हणाली. मला तोंड असतं तर तेव्हा मीही ओकलो असतो.

पहिल्यांदा तो गुरगुरला ते बिस्किटावरून. मुलाला त्याची केवढी मौज! मग पाहुणे आले की हाच खेळ. बिस्कीट पुढे करायचं, मागे ओढायचं, पिल्लू गुरगुरलं की टाळ्या पिटायच्या. "बघा बघा, साहेब चिडले!" पिल्लू शिकलं. दुसरं त्याला शिकवलंच काय होतं?

छोटू वाढला, पोत्याएवढा झाला. आता पाहुण्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या मिळू लागल्या. "तिथं नका बसू हं, ती त्याची जागा आहे." हे सांगताना मुलाच्या आवाजात असा तोरा, जसा पोरगा बोर्डात पहिला आलाय! पण एकदा छोटू त्याच्या ऑफिसातल्या साहेबांवरच गुरगुरला, आणि मौज संपली. त्या दिवसापासून छोटू गुरगुरला रे गुरगुरला की पेपरची गुंडाळी नाकावर बसायची. ज्या गोष्टीसाठी टाळ्या, त्याच गोष्टीसाठी मार. महिन्याभरात त्याचा आवाज बंद झाला. "सुधारला!" म्हणून मुलाने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

कसला सुधारतोय! गुरगुर गळ्यातून निघून पोटात गेली होती, एवढंच. तिथून ती माझ्या स्प्रिंगांमध्ये उतरायची. कुणी जवळ आलं की छोटू गप्प पडून राहायचा आणि माझं सगळं अंग थरथरायचं.

हे घरात आणखी एकालाच कळलं. आप्पा एकदा माझ्या हातावर तळवा ठेवून बसले होते. म्हणाले, "अरे, हा अजून गुरगुरतोय. हाताला लागतंय माझ्या."

मुलगा हसला. सूनबाईला म्हणाला, "घ्या! दाराची बेल ऐकू येत नाही आणि हे बरं ऐकू आलं."

आप्पांना शब्द कळले नाहीत, हसणं दिसलं. तेही कसंनुसं हसले.

त्यानंतर छोटूने कामवाल्या मावशींची पोटरी फोडली. मग शेजारच्या काकांचा अंगठा. दोन्ही वेळा घरात एकच वाक्य, "तुम्हीच त्याला दचकवलं असणार." आणि एका दुपारी आप्पा हात धुऊन आले. छोटू त्यांच्या कोपऱ्यात पसरला होता. त्यांनी बसण्याआधी माझ्यावर तळवा टेकवायला हात पुढे केला, आणि नेमका तोच हात छोटूने धरला. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. रक्त माझ्या उशीवर सांडलं. हाताला टाके पडले, आणि माझी उशी उलटी करून ठेवली. या घरात सगळ्यावर तेवढं एकच औषध ठाऊक आहे.

मग जनावरांचे डॉक्टर आले. स्पष्ट बोलले. "याला सोफ्यावरून उतरवा. तोंडाला जाळी घाला. नीट शिकवणारा माणूस आणा, काही महिने मेहनत घ्या. नाही जमत, तर अशा कुत्र्यांची सवय असलेल्या माणसाला द्या, पण काही न लपवता. यातलं काहीच जमलं नाही तर शेवटी इंजेक्शन. काय ते ठरवा. असंच मात्र ठेवू नका."

रविवारी बैठक बसली, तीही माझ्यावरच. छोटूला हाड देऊन बाल्कनीत कोंडलं. मुलगा आणि सूनबाई माझ्या कडेला ताठ बसले. आप्पा समोर प्लास्टिकच्या खुर्चीत, हाताला पट्टी.

"जाळी घालून फिरवायचं?" मुलगा म्हणाला. "लोक म्हणतील, कुत्रं चावरं आहे."

"चावरंच आहे," आप्पा म्हणाले. तेवढं त्यांनी मुलाच्या ओठांवरून बरोबर ओळखलं.

"शिकवायला वेळ कुणाला आहे? मी सकाळी जातो तो रात्री येतो."

"आणि दुसऱ्याला कसं द्यायचं हो?" सूनबाई म्हणाली. "पोटच्या पोरासारखा वाढवलाय." इंजेक्शनचं नाव निघालं तेव्हा ती रडली. ते रडणं खरं होतं. मलाही छोटूची दया आली. तो माझ्यासारखाच, जसा वापरला तसा झाला.

बाल्कनीतून हाड फोडल्याचा आवाज येत होता. आप्पा आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मी जातो ताईकडे. लेकीचं घर आहे, परकं थोडंच आहे? थोडे दिवस राहीन."

"अहो आप्पा, असं काय बोलता?" मुलगा म्हणाला.

"छे छे, तुम्ही कशाला?" सूनबाई म्हणाली.

तोंडं असं बोलली. पण त्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. इतका वेळ काठीसारख्या ताठ असलेल्या त्या दोन पाठी हळूच सैल पडल्या आणि माझ्यात रुतल्या. मी लाळ सोसली, ओकारी सोसली, रक्त सोसलं. त्या दोन पाठींसारखी घाण माझ्यावर कधी सांडली नाही.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दुसऱ्या आठवड्यात आप्पांची बॅग भरली. निघताना छोटूला स्वयंपाकघरात कोंडलं होतं, म्हणून आप्पा खूप दिवसांनी आपल्या कोपऱ्यात बसले. डाव्या हाताने त्यांनी माझं कापड चिमटीत धरलं, चोळलं. "टिकलं की रे," म्हणाले आणि उठले.

आता तो कोपरा छोटूचा. काल संध्याकाळी मुलगा त्याच्या शेजारी येऊन बसला. पाय पसरले, त्याच्या गळ्यात हात टाकला.

"बघ," तो म्हणाला, "आता कसा शांत झालाय. आप्पांचीच चुळबुळ त्याला सोसत नव्हती."

"हो ना," सूनबाई आतून म्हणाली, "आवाजसुद्धा नाही त्याचा."

आवाज नव्हताच. पण माझ्या सगळ्या स्प्रिंगा थरथरत होत्या, आजवर कधी थरथरल्या नव्हत्या इतक्या. मुलाने छोटूला कुशीत ओढलं तसा थरकाप वाढत गेला. अरे बाबा, त्या गळ्यातला हात काढ आणि एकदा माझ्यावर ठेवून बघ. तुझ्या बापाने ठेवला होता, तसा.