डोंगरामागची वस्ती

शहरातल्या गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथं हिमांशू आणि सोमनाथ काही वर्षांपासून एकच गेम बनवत होते. इंजिनिअरिंगला एका बाकावर बसलेली ही जोडी. हिमांशू शहरातल्याच समर्थनगरचा, प्राध्यापकाच्या घरातला. सोमनाथ फुलंब्रीजवळच्या खेड्यातला. घरी थोडी शेती, आणि तो रोज मोटरसायकलवर ये-जा करायचा.

गोष्ट हिमांशूनं लिहिली होती. साथीचं वर्ष आहे. झाडपाल्याची औषधं जाणणारी अंबू नावाची मुलगी घर सोडून गेलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरते. खेळणाऱ्यानं अंबू व्हायचं, लोकांशी बोलायचं, पिशवीतलं औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवायचं. अंबू ज्या मुलखातून चालते तो सगळा मुलूख, त्यातले नाले, टेकड्या, बाजार, पडकी देवळं, सोमनाथनं उभा केला होता.

भांडण होतं ते त्या मुलखात खेळणाऱ्याला किती मोकळं सोडायचं यावर. हिमांशूला गेम प्रकरणांत हवा होता. एक प्रकरण संपलं की मागची वेस बंद, पुढची उघडी. शेवटच्या प्रकरणात भाऊ सापडतो, पण उशीर झालेला असतो. सोमनाथला पहिल्या मिनिटापासून सगळा मुलूख उघडा हवा होता. ज्याला जिकडं जायचं तिकडं त्यानं जावं.

"भाऊ तिकडं मरतोय आणि खेळणारा इकडं चिंचा वेचत बसणार," हिमांशू म्हणाला. "मग गोष्टीला धार कुठून यायची?"

"वेचू दे की. आमच्या आजीला घरघर लागली होती तवा दादा म्हशींला पाणी पाजाया गेलते. जावंच लागतं. म्हून काय त्यांला आईचं काही नव्हतं?"

"ते आयुष्य झालं, सोम्या. हा गेम आहे."

"मंग गेममंदी माणसाला जास्त मोकळीक पाहिजे का कमी?"

हिमांशू चिडला. त्यात त्या दिवशी त्याला पडद्यावर एक डोंगर दिसला होता. गोष्टीतली कुठलीच वाट त्या डोंगराकडं जात नव्हती. तो अंबूला घेऊन डोंगर चढला आणि पलीकडं उतरला, तर तिथं एक वस्ती होती. पाच-सहा घरं, पायऱ्यांची दगडी बारव, ओट्यावर दळणाऱ्या दोन बाया. एक म्हातारा दोर वळत बसलेला. अंबूनं कुणाशी बोलायचा प्रयत्न केला की ते माणूस नुसतं मान हलवायचं आणि परत कामाला लागायचं.

"इथं अंबूचं काम काय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाय."

"मग महिनाभर हे कशाला करत बसलास?"

"कुणी चुकून तिकडं गेलंच, तर त्याला रिकामं दिसू नये."

हिमांशू म्हणाला की हे सगळं काढून टाकू, नाहीतर हा गेम आपल्या हयातीत पुरा होणार नाही. सोमनाथ रागावला नाही. कॉम्प्युटर बंद करून उठला, पाण्याची बाटली भरून घेतली आणि म्हणाला, "उद्या बोलू."

त्याच दिवशी घरी जाताना, चौका गावाच्या पुढं, दिवेलागणीला, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. मागं ना लाल दिवा, ना फडकं. सोमनाथची गाडी तिच्यात घुसली. ट्रॉली कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जिवावरचं टळलं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा तो आधार घेऊन चालत होता, माणसं ओळखत होता, नीट बोलत होता. त्याची बायको दीपमाला त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पण डॉक्टरांनी तिला आणि हिमांशूला बाजूला घेतलं. कुठल्या गोष्टीनंतर कुठली करायची, दोनांतली कुठली निवडायची, हे ठरवणारा मेंदूचा भाग दुखावला आहे, ते म्हणाले. किती भरून येईल सांगता येत नाही. वाट बघा.

घरी गेल्यावर त्याचा अर्थ कळला. सोमनाथ टॉवेल घेऊन अंघोळीला निघायचा आणि गोठ्यात जाऊन उभा राहायचा. ताटात भाकरी, वरण, ठेचा, कांदा असं सगळं वाढलं की ताटाकडं नुसता बघत बसायचा, आणि भूक वाढली की रडायचा. कपाट उघडलं तर सगळे शर्ट बाहेर काढून त्यांच्या ढिगात बसायचा. वडील, सांडूदादा, आधी त्याच्यावर ओरडले, मग ओरडायचे थांबले आणि दिवसभर शेतातच राहायला लागले.

वाट दीपमालानं काढली. तिनं कपाटाला कुलूप लावलं आणि खुंटीवर एकच शर्ट टांगायला सुरुवात केली. ताटात आधी नुसती भाकरी-भाजी. ती संपली की भात. समोर एकच वस्तू असली की सोमनाथ ती उचलायचा. दुसरी पुढं यायच्या आधी विचारायचा, "आता?" आणि ती सांगायची.

हिमांशू दर रविवारी जायचा. एकदा त्यानं लॅपटॉप नेला. त्याला वाटलं, जे आपल्या हातानं केलं ते हातांना आठवत असेल. त्यानं गेम सुरू करून दिला. अंबू वडाखाली उभी होती, तिथून तीन वाटा फुटत होत्या. सोमनाथनं पडद्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे मी केलं," तो म्हणाला.

"हो. चल, जा कुठंतरी."

"कुठं?"

"कुठंही. सगळं उघडं आहे."

सोमनाथची बोटं बटणांवर होती. त्यानं एकही दाबलं नाही. अंबू वडाखाली उभी राहिली, तिच्या पदराला वारा लागत होता. सोमनाथच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. दीपमालानं येऊन लॅपटॉप मिटला. 

त्या रविवारनंतर हिमांशू दुसरं काही करेना. तो एकेक वाट बंद करत गेला. जिथं वाट नको तिथं कुंपण घातलं, काटेरी झुडपं लावली, नाल्याला पूर आणला. गेमचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात एकच वाट आणि शेवटी एक वेस. हेच त्याला आधीपासून हवं होतं. आता अडवायला कुणी नव्हतं. एखादी पाणंद बुजवताना तिच्यात सोमनाथनं ठेवलेलं काहीतरी सापडायचं, कुठं मोडकं चाक, कुठं कुत्र्याची पिल्लं. तो ते पाहायचा आणि बुजवायचा.

हा गेम सोमनाथला खेळता आला. अंबू चालायला लागली. वेशीपाशी आली की मागची वाट अंधारायची आणि पुढची दिसायची. सोमनाथ ताठ बसला. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा सांडूदादा दारात उभे होते, त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"पोरगं माघारी यायलंय म्हणायचं," ते म्हणाले.

हिमांशूनं लॅपटॉप तिथंच ठेवला. काही आठवडे बरे गेले. सोमनाथ दुपारी खेळायचा, मग जेवायचा, झोपायचा. शेवटी भाऊ मेलेला सापडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. दीपमालानं हिमांशूला सांगितलं की आता तो स्वतःहून चपला घालतो.

मग एका रविवारी सोमनाथ मधेच थांबला. डाव्या हाताला लांब तो डोंगर दिसत होता. हिमांशूनं त्याची वाट बंद केली होती, पण डोंगर तसाच ठेवला होता, मागचं दृश्य म्हणून.

"त्याच्या मागं काही हाय," सोमनाथ म्हणाला.

"काही नाही रे. मोकळं रान आहे."

"नाय. मी तिकडं काही केलतं."

त्यानं अंबूला कुंपणाकडं वळवलं. कुंपणापाशी ती जागच्या जागी पावलं टाकत राहिली. सोमनाथनं बटण सोडलं नाही. दीपमालानं चहा आणला, तो निवला. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी अंबू कुंपणाला भिडून चालतच होती.

हिमांशू दीपमालाच्या मागं चुलीपाशी गेला. "वहिनी, त्याला आठवलंय. अपघातानंतर पहिल्यांदा त्याला स्वतःहून कुठंतरी जायचंय."

"जाईल आणि घाबरंल."

"मी शेजारी बसतो."

"तुम्ही रविवारी बसताल, भाऊजी. सोमवारी मी बसते." ती भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. "चिडला तर चिडू द्या. चिडून का होईना, जेवतो. हरवला की दोन-दोन दिस अन्नाला शिवत नाय."

"एकदाच बघू."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुमचा दोस्त हाय. बघा."

हिमांशूनं लॅपटॉप परत नेला आणि पुढच्या रविवारी डोंगराची वाट उघडून आणली. सोमनाथनं अंबूला चढवलं, माथ्यावर नेलं, पलीकडं उतरवलं. वस्ती तिथंच होती. बारव, दळणाऱ्या बाया, दोर वळणारा म्हातारा. सोमनाथ हसला, मोठ्यानं. हिमांशूनं हे हसू अपघाताआधी ऐकलं होतं, त्यानंतर आजच. सोमनाथनं घराघरापुढून अंबूला फिरवलं. म्हाताऱ्यापुढं थांबवलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि परत दोर वळायला घेतला.

"आता?" सोमनाथनं विचारलं.

"आता बस इथं. किंवा मागं जा."

"आता काय करायचं, ते विचार त्यांला."

"ते काही सांगत नाहीत, सोम्या. तूच तसं केलंस."

सोमनाथ एका घराकडून दुसऱ्या घराकडं अंबूला न्यायला लागला. प्रत्येक जण मान हलवायचा. तो वेगानं फिरायला लागला. अंबू भिंतींना धडकायला लागली. हिमांशूनं त्याचा हात धरला. "सांगत कामून नाहीत," सोमनाथ म्हणत राहिला, "सांगत कामून नाहीत." दीपमाला येऊन त्याला आत घेऊन गेली.

तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दीपमाला धुणं वाळत घालत असताना तो घराबाहेर पडला. दार उघडंच होतं, पण अपघातापासून तो कधी अंगणाच्या पुढं एकटा गेला नव्हता.

हिमांशूला फोन आला तसा तो निघाला. गावातली माणसं शेतं, नाले बघून आली होती. सांडूदादा प्रत्येक विहिरीत वाकून पाहत होते. उन्हाळ्याचे दिवस होते, जमिनीला पाय टेकवत नव्हता. संध्याकाळी गावाच्या मागच्या खडकाळ टेकडीपलीकडं, एका बंद पडलेल्या खडी क्रशरच्या आवारात सोमनाथ सापडला. सावली सोडून उन्हात बसला होता. पायांत चपला नव्हत्या, तळपायांची कातडी सोलवटून निघाली होती आणि ओठ फुटले होते. हिमांशू त्याच्यापुढं बसला.

"इकडं कशाला आलास?"

सोमनाथनं त्याच्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही कळलं नाही. "इथं कुणीच नाय," तो म्हणाला.

उष्माघातानं तो आठवडाभर दवाखान्यात होता. परत आला तेव्हा आधी जे थोडं सुधारलं होतं तेही गेलं होतं. चपला पुढं ठेवल्या तरी कळत नव्हतं. बोलणं तुटक झालं होतं.

हिमांशू भेटायला गेला तेव्हा बाहेरच्या दाराला आतून अडसर आणि वर कुलूप होतं. दीपमालानं हाक ओळखली, सासऱ्याला कुलूप काढायला सांगितलं. ओसरीवर सोमनाथ भिंतीला टेकून बसला होता. पायांना पट्ट्या होत्या.

"लॅपटॉप आणला नाही," हिमांशू म्हणाला. "पुन्हा सगळं बंद करून आणू शकतो, वहिनी. आधी होतं तसं. डोंगरही काढून टाकतो."

"नको."

"त्याचा त्याला फायदा होत होता."

"होत होता." ती सोमनाथच्या पायाची पट्टी सोडत होती. "पण तुमच्या मनात ते तिकडचं असतंय, भाऊजी. तुम्ही त्याच्याकडं बघता तवा माझ्या नवऱ्याला नाय बघत, त्या आधीच्या सोमनाथला बघता. मंग यालाबी वाटतं तिकडं जावं. मला ह्योच सांभाळायचा हाय." तिनं पट्टीचा चिकटलेला कापूस पाण्यानं भिजवला. "काही दिस येऊ नका."

 सांडूदादांनी हिमांशूला पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवला. सोमनाथनं तो हात आपल्या हातात धरला, बोटं एकेक करून पाहिली आणि सोडून दिला.

गेम त्या वर्षअखेरीस बाहेर आला, प्रकरणांतला. मुलूख रचणारा म्हणून पहिलं नाव सोमनाथचं होतं. चाललाही थोडाफार. काहींनी लिहिलं की जग सुंदर आहे, पण फार कोंडल्यासारखं वाटतं, थोडं मोकळं फिरू दिलं असतं तर बरं झालं असतं. हिमांशूनं कुणाला उत्तर दिलं नाही. गुलमंडीतल्या खोल्या सोडून त्यानं पुण्यात एका कंपनीत नोकरी धरली.

तो अजून महिन्यातून एकदा सांडूदादांना फोन करतो. ते सांगतात, जेवला, झोपला, आज शांत हाय. मग फोन कुणी ठेवायचा ते दोघांनाही ठरवता येत नाही.