आत्याच्या मशीनची खडखड

आवाज साफ करणं ही माझी नोकरी. देशोदेशीची लोकगीतं जमवणाऱ्या एका संस्थेत मी बसतो आणि रेकॉर्डिंगमधली खरखर, खोकला, कुत्र्याचं भुंकणं काढून टाकतो. साफ झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसायचं, अशी माझी शिस्त. कचरा घरात कशाला ठेवायचा? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला त्या मंगळवारी कळलं.

'कामाची गाणी' या आमच्या संचात आत्याचं गाणं मीच हट्टानं घातलं होतं. आत्या शिवणकाम करते. पायमशीनवर कॉलर शिवता शिवता ती एक गाणं म्हणायची, दूर दिलेल्या बहिणीला निरोप धाडणारं. घशाच्या ऑपरेशनआधी मी ते तिच्या खोलीत जाऊन टिपलं. ऑपरेशन झालं, आत्या वाचली, आवाज मात्र गेला. आता तिचा आवाज म्हणून जगात तेवढंच उरलं होतं. मूळचं साडेचार मिनिटांचं, साफ केल्यावर साडेतीन.

संच बुधवारी बाहेर जायचा होता, म्हणून त्या मंगळवारी आत्या ऐकायला आली. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. टेबलाखाली तिचा पाय हलायचा, अडखळायचा, पुन्हा हलायचा. शेवटी तिनं हेडफोन काढले, पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि माझ्या काळ्या टेबलावर लिहिलं: 'लंगडतंय. मशीन कुठाय?'

"ती खडखड काढली ना मी! आता नुसता तुझा आवाज, आत्या. किती स्वच्छ झालाय बघ."

तिनं बाहीनं अक्षरं पुसली. 'परत घाल.'

मी ताकाला जाऊन भांडं लपवायला लागलो. आज गडबड आहे, उद्या बघू, वेळ लागेल. ती हलेचना.

"पुसलं गं," मी म्हणालो. "माझ्याच हातानं पुसलं."

ती निघून गेली. खडू टेबलावरच राहिला.

मला बसवेना. उठलो, पाणी प्यायलो, बसलो, पुन्हा उठलो. हाताला चाळा म्हणून संचातली उशिरा आलेली, अजून साफ न केलेली गाणी लावली. कुठल्याशा थंड बेटांवरचे नावाडी गात होते; वल्हं पाण्यावर आपटलं की मगच त्यांची पुढची ओळ. दुसऱ्या कुठल्या देशातल्या बायका ओली लोकर बडवत होत्या. थाप चुकली की हसून तीच ओळ पुन्हा घ्यायच्या. भाषा एकही कळत नव्हती, पण गाणं कामाच्या हाताला धरून चाललंय हे बहिऱ्यालाही कळलं असतं. आत्याच्या गाण्याचा तोच हात मी सोडवला होता. मला माझीच लाज वाटली.

रेकॉर्डर आणि स्पीकर घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. ती शिवतच होती.

"आत्या, तू मशीन चालव. मी तुझं गाणं लावतो. खडखड नव्यानं टिपू."

हातातली कॉलर तिनं शिवून संपवली. मग नवी कॉलर सुईखाली धरून तिनं मान डोलावली.

आवाज सुरू झाला आणि पायांनी तो लगेच पकडला. पहिलं कडवं, दुसरं कडवं. गाणं सरळ चालत होतं. दोन कडव्यांत एक कॉलर, हे तिचं माप. कॉलर संपली, पाय थांबले, तिनं दोरा कापला आणि ढिगातून दुसरी कॉलर उचलली. स्पीकरमधली आत्या मात्र थांबली नाही. ती तिसऱ्या कडव्यात शिरलीसुद्धा. कारण ती मधली जागा मी 'रिकामी' म्हणून कापली होती.

हातात कॉलर तशीच धरून आत्या आपल्याच आवाजाकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मी घाईघाईनं बटण दाबलं आणि गाणं तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला मागे आणलं.

"थांबवलंय, आत्या. तू सावकाश लाव."

कापडाच्या कडा दोनदा निसटल्या. मी, ज्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, बटणावर बोट ठेवून बसून राहिलो. तिसऱ्यांदा कडा जुळल्या. तिनं पॅडलवर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मग मी बटण दाबलं आणि तिला गाऊ दिलं.