माझ्याकडचे हात

माझ्या मुलाच्या, टोबिनच्या, प्रत्येक शर्टाच्या बाह्या मी कापून आखूड केल्यात. छाती बैलासारखी, मान खांद्यांत बुडालेली आणि हात मात्र माझ्या बापाचे. माझ्या माहेरचे, आम्हा कोवारिकांचे, हात असेच. लग्नात नवऱ्याला, लिलँडला, मिठी मारली तेव्हा माझी बोटं त्याच्या पाठीमागे एकमेकांना भेटली नाहीत, त्यावरून तो मला अजून चिडवतो. त्यामुळे मुलाचे हात आखूड आहेत हे कळायला मला टेप लागली नाही. पण या घरात माझं ऐकतो कोण!

टोबिन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात टॅकल खेळायचा. रांगेच्या टोकाला उभं राहायचं आणि बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्या राक्षसांना अडवायचं. आणि अडवलं हो पोरानं! शेवटच्या हंगामात एकालाही आत सोडलं नाही. लिलँड त्याच जागेवर खेळलेला, त्याचा बापही तिथलाच. इथे नेब्रास्कात बापाकडून मुलाला शेत मिळतं; आमच्याकडे शेत आणि टॅकलची जागा.

व्यावसायिक संघ पाळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात त्या ड्राफ्टच्या आधी, फेब्रुवारीत, संघांनी पोरांना तपासायला बोलावलं. घोड्यांच्या बाजारात बघतात तसं सगळं बघतात तिथे. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली आणि आमच्या पोराचा हात टॅकलला लागतो त्यापेक्षा अर्धा इंच कमी भरला. लिलँड म्हणाला, टेप खोटी आहे. त्यानं घरी मोजला तेव्हा बरोबर भरला होता म्हणे. भरणारच की. हा पठ्ठ्या कॉलरपासून मोजत होता!

एप्रिलमध्ये प्रेंटिस घरी आला. एका संघासाठी गावोगाव फिरून पोरं हेरणारा माणूस, टोबिनला शाळेपासून बघत आलेला. मी आलुबुखार भरलेल्या गोड पावरोट्या, आमच्या कोलाची, गरम करून पुढे ठेवल्या. लिलँडनं त्याला धड खाऊही दिलं नाही.

"प्रेंटिस, खरं सांगा. माझ्या पोराला हरवून कुणी आत घुसलं का?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?"

प्रेंटिसनं बोटं पुसली. लिलँडला तो आडनावानंच हाक मारायचा. "कुद्रना, लांब हातांचा पोरगा निवडला आणि तो फसला, तर माझा मालक म्हणतो, नशीब. आखूड हातांचा निवडला आणि तो फसला, तर म्हणतो, प्रेंटिस, तुला टेप वाचता येत नाही? मला अजून काही वर्षं नोकरी करायचीय."

"म्हणजे तुम्ही सगळे भित्रे."

"भित्रे म्हणा. पण मला हा पोरगा हवाय. टॅकल म्हणून नाही, सेंटर म्हणून. रांगेच्या मधोमध दाटीवाटी असते, तिथे लांब हात काय कामाचे? तिथे डोकं लागतं आणि ते याच्याकडे आहे." तो टोबिनकडे वळला. "पायांमधून बॉल मागे द्यायला शिकशील का रे?"

टोबिननं तोंड उघडलं होतं. मी पाहिलं ना! पण त्याआधीच लिलँडनं उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माझा मुलगा टॅकल आहे. ढुंगण वर करून दुसऱ्याला बॉल पुरवायला तो वाकणार नाही. तुमच्या कोचला असंच सांगा."

"अरे, त्याला तर विचार," मी म्हटलं.

"त्याचं उत्तर मी दिलंय."

टोबिन बशीकडे बघत बसला. बोलणी करायला त्याचा एजंट वगैरे होता, पण आमच्याकडे पाहुण्यासमोर बापाचा शब्द कुणी मोडत नाही, मग पोरगा दारात मावत नसला तरी. आणि मला तर सगळं माहीत होतं. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्यानं साखळीला एक टायर टांगला होता आणि अख्खा हिवाळा तो वाकून, पायांमधून त्या टायरमध्ये बॉल मारत होता. थड. थड. त्याच्या कॉलेजच्या कोचनंच सांगितलं होतं, हे शिकून ठेव, यावर तुझं पोट भरेल. "बाबांना इतक्यात बोलू नकोस, आई," असं माझ्याकडून वचन घेतलेलं. "नीट जमलं की मीच सांगेन."

ड्राफ्ट तीन दिवस चालतो. शेवटच्या दिवशी अंगणात अर्धं गाव जमलं, बटाट्याचं सॅलड घेऊन, बिअर घेऊन. शेजारचा आर्लो कुठे गप्प बसतोय?

"टोबिन, तुझे हात ट्रॅक्टरला बांधून ओढू का रे? अर्ध्या इंचाचा तर प्रश्न!"

सगळे हसले, टोबिनही हसला. लिलँड टीव्हीवरून नजर हलवत नव्हता. एकेक नाव येत होतं. दुपारी प्रेंटिसच्या संघाची पाळी आली आणि त्यांनी आयडाहोचा एक सेंटर घेतला. ती जागा गेली. शेवटचं नाव झालं, तसे लोक आपापली भांडी उचलून निघाले. टोबिनच्या पाठीवर थाप मारायची की नाही, हेच कुणाला कळेना.

टोबिन स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभा होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. प्रेंटिसचा आवाज असा की कानाला लावायची गरज नाही.

"तुझं नाव शेवटपर्यंत आमच्या फळ्यावर होतं, पोरा. कोचनं विचारलं, हा सेंटर खेळेल का? तुझे वडील नाही म्हणाले होते, मी दुसरं काय सांगू? फार वाईट वाटतंय मला."

"थँक यू, सर," टोबिन म्हणाला.

लिलँड दारात येऊन उभा होता. "कोण होतं? काय म्हणाले?"

"प्रेंटिस. हात आखूड म्हणाले, बाबा. बाकी काही नाही."

 लिलँड माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्याकडचे हात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं जिभेवर आलं होतं. पण टोबिन माझ्याकडे असा बघत होता की काय सांगू!

"हो रे बाबा," मी लिलँडला म्हटलं, "माझ्याकडचे."

एका संघानं त्याला सरावाला बोलावलं, टॅकल म्हणून. ऑगस्टमध्ये त्यांनी परत पाठवला. आता तो बापाबरोबर शेत बघतो. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना लिलँड त्या टेपला शिव्या घालायचा आणि मी माझ्या बापाच्या हातांना. टोबिन बटाटे वाढून घ्यायचा.

गेल्या शरदात मक्याची कापणी संपली. नवा उंच हार्वेस्टर आत घ्यायचा म्हणून मी शेडमध्ये शिडी लावली, तो टायर काढायला.

"राहू दे तो," मागून लिलँड म्हणाला.

"अरे, आडवा येतोय."

"येऊ दे." तो बादली पालथी घालून बसला. "मला आवाज यायचा, मार्लिस. सगळा हिवाळा. मी गोठ्यात उभा राहून ऐकायचो."

मी शिडीवरून खाली आले. "तुला माहीत होतं? आणि तरी प्रेंटिससमोर तसं बोललास?"

"मक्याचा भाव कसा धरून ठेवतो आपण? पहिल्यांदा विचारतील त्याला विकायचा नाही. मला वाटलं, मी अडून बसलो की ते टॅकल म्हणून घेतील." त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मका वसंतापर्यंत टिकतो गं."

"आणि फोन?"

"प्रेंटिसचा आवाज दारापर्यंत येत होता."

"मग मेल्या, माझ्या हातांवर कशाला ढकललंस इतकी वर्षं?"

"पोरगा माझ्यासाठी खोटं बोलला होता. ते त्याच्या तोंडावर खोटं पाडू?" त्याचे डोळे भरले होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ते तसे कधी पाहिले नव्हते. "त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून."

मला त्याचा राग करायचा होता. खूप करायचा होता. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि टोबिन ओरडला, "आई, निघाला का टायर? आत येऊ?"

"ये," लिलँड म्हणाला. तो उठला आणि मशीन पुरतं आत येईपर्यंत त्या टायरला आपल्या लांब हातांनी बाजूला धरून उभा राहिला.