वर्गात आई म्हणायचं नाही

व्हर्नाबाईंच्या पाळणाघरातला एक नियम लोरेटाला फार जड जायचा. तीन वर्षांच्या पोरांचा वर्ग तिच्याकडे, आणि त्याच वर्गात तिचा स्वतःचा ड्युई. पण वर्गात आई म्हणायचं नाही. बाकीच्या पोरांना आपापल्या आया आठवतात आणि रडारड सुरू होते, असं व्हर्नाबाईंचं म्हणणं. म्हणून सगळ्यांसारखंच ‘मिस लोरेटा’ म्हणायचं. ड्युई विसरायचा. मग ती डोळे वटारायची, "पुन्हा आई म्हणालास तर व्हर्नाबाई तुला इथून काढून टाकतील हां."

ड्युईची फी सरकार भरायचं, कारण लोरेटाचा पगार सरकारी मर्यादेच्या आत होता. आत म्हणजे अगदी काठाला टेकून. हे ती स्वतःहून कधी बोलत नसे. सरकारची मदत घेणाऱ्या बाईकडे त्या डोंगरातल्या गावात, चर्चच्या बाकांवरून, माणसं कशी बघतात ते तिने आईच्या वेळी पाहिलं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी पाळणाघरातल्या सगळ्याजणी घरून एकेक पदार्थ आणायच्या आणि पोरांच्या बुटक्या टेबलांवर वाकून जेवायच्या. त्या जेवणात व्हर्नाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आपल्या लोरेटाने इतक्या वर्षांत कधी कुरकुर केली नाही. तिला तासामागे एक डॉलर वाढवलाय. तोही महिन्याच्या सुरुवातीपासून. तिला चकित करायचं म्हणून गप्प बसले होते."

टाळ्या पडल्या. लोरेटाच्या तोंडातला मक्याच्या पावाचा घास तोंडातच फिरायला लागला.

तिने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाई, ती वाढ मागे घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझा पगार मर्यादेबाहेर जाईल. ड्युईची सगळी फी माझ्या अंगावर येईल. तुमची महिन्याची वाढ त्याच्या एका आठवड्याला पुरायची नाही."

व्हर्नाबाईंचा चेहरा उतरला. "सरकारी तपासणीसाठी तुझ्या पगाराचे कागद सोमवारीच गेले गं. मला आधी सांगायचं नाहीस?"

"तुम्ही मला आधी विचारायचं नाहीत?"

बाई वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यांनी वाढ लगेच मागे घेतली. मग लोरेटाने सरकारी कचेरीत फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मर्यादेखाली परत आलात ते छानच झालं. पण मदत एकदा बंद झाली की अर्ज नव्याने करावा लागतो, आणि नवे अर्ज सध्या बंद आहेत."

"मी त्याला फुकट ठेवला असता," व्हर्नाबाई नजर चुकवत म्हणाल्या, "पण मग कामावरच्या बाकीच्या चौघींना काय सांगू? आणि त्या जागेसाठी पूर्ण फी भरणारे थांबलेत."

तेव्हा ड्युई गेला लोरेटाच्या काकांकडे. काका नाकात ऑक्सिजनची नळी घालून दिवसभर टीव्हीपुढे बसायचे. त्यांना उठवायलाच माणूस लागायचा, ते पोराच्या मागे काय धावणार? इकडे वर्गात ड्युईच्या जाकिटाच्या खुंटीवर नव्या मुलाच्या नावाची चिठ्ठी लागली. ती लोरेटानेच चिकटवली. दुपारी त्याच मुलाची पाठ थोपटून तिने त्याला झोपवलं. दुसऱ्यांच्या पोरांना सांभाळायला ती लायक, स्वतःच्या एकाला तिथे ठेवायला नालायक. थोपटता थोपटता तिला त्या परक्या लेकराचा राग आला आणि मग स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी ती घ्यायला गेली तेव्हा ड्युई नेहमीसारखा धावत आला नाही. गाडीत तो खिडकीला चिकटून बसला. मग हळूच म्हणाला, "मी वर्गात आई म्हणालो होतो ना?"

"नाही रे राजा. तू काहीच केलं नाहीस."

त्याला ते पटलं नाही. तो मान खाली घालून जाकिटाची चेन वरखाली करत राहिला.

"आता कधीच म्हणणार नाही," तो म्हणाला. "घरी पण नाही. मिस लोरेटा, उद्या मला नेशील?"