साठ बायकांचा आवाज

शिवानंद सरांना सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली नऊ वर्षं ते 'सहयोगी प्राध्यापक' या पाटीखाली बसून होते. त्यातला 'सहयोगी' तेवढा गळून पडावा, एवढीच त्यांची इच्छा. दोनदा मुलाखत झाली, दोन्ही वेळा तज्ज्ञांनी चहा पिऊन "संशोधन वाढवा" असं सांगितलं. या खेपेला सरांनी ते असं वाढवलं होतं, की नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

दक्षिण सोलापुरातल्या बायका मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात आणि न सांगता परत येतात. त्यांचं बोलणं ऐकून लिहून काढणारा प्रोग्राम सरांनी बनवला. त्यासाठी होटगी गावातल्या साठ बायकांचे आणि तुलनेसाठी काही पुरुषांचे आवाज रेकॉर्ड करून मागवले. अचूकता चौऱ्याण्णव टक्के. शोधनिबंध छापून आला, प्राचार्यांनी तो नोटीस बोर्डावर लावला, आणि मुलाखत गुरुवारवर आली.

सोमवारी दुपारी महेश्वरी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. सरांच्या हाताखाली एम.टेक. करणारी ही मुलगी एरवी आत येता येताच बोलायला सुरुवात करायची. आज लॅपटॉप छातीशी धरून दारातच.

"काय गं, प्रोग्राम बंद पडला का?"

"नाही सर. आपल्या होटगीच्या साठ बायका आहेत ना... ती एकच बाई आहे."

तिने सहज म्हणून माणसांप्रमाणे आवाज वेगळे करून बघितले होते. कॉम्प्युटरने पुरुष बरोबर निवडले आणि साठ बायका एकाच ढिगात टाकल्या. सरांनी हेडफोन लावला. तिसऱ्या बाईला त्यांनी ओळखलं. लहानपणी या आवाजाच्या भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. होटगीची अक्कम्मा मावशी!

ज्या आवाजांवर प्रोग्रामला शिकवायचं, ते आवाज त्याच्या परीक्षेत द्यायचे नाहीत, हे सर दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचे. इथे चाळीस जणी शिकवायला होत्या आणि वीस जणी परीक्षेला, आणि सगळीकडे मावशीच. म्हणजे पेपर फुटलाच होता की.

सर संध्याकाळी होटगीला गेले. मावशी शेंगा फोडत बसली होती.

"व्हय, मीच बोलले की," ती म्हणाली. "आठ दिसात साठ पायजेत म्हनलास. मशिनीपुढं बायका लाजत्यात बाबा. मग मीच कदी बारीक, कदी जाड आवाज काडला. लई घसा बसला बग माजा. का रं शिवा, काय चुकलं का?"

तिच्यावर चिडायला सरांना तोंड नव्हतं. तिला मतदार यादीतली साठ नावं आणि रेकॉर्डिंगसाठी एक फोन पाठवून ते कॉलेजात पंख्याखाली बसले होते. होटगीला एकदाही फिरकले नव्हते.

महेश्वरीने मंगळवारी बाजारातल्या काही बायकांचे आवाज टिपून त्या खऱ्या अनोळखी आवाजांवर नवा हिशेब काढून आणला. एकसष्ट टक्के.

"सर," ती हळूच म्हणाली, "माझ्या प्रबंधात हे नाही घेतलं तरी चालेल. गुरुवार होऊन जाऊ दे."

खोटं कशाला सांगा, सरांचं मन लालचावलं. या दोघांशिवाय कुणाला पत्ताही लागला नसता. पण पोरगी खाली बघत बोलत होती. तिचे मार्क त्यांच्या हातात होते, म्हणूनच ती हे बोलत होती, आणि हे कळल्यावर सरांना स्वतःचाच राग आला.

"घे. सगळं घे," ते म्हणाले. "चूक सरांची, शोधली मी, असं स्पष्ट लिही."

त्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र संपादकांना पाठवलं. गुरुवारी तज्ज्ञांनाही सगळं सांगून टाकलं. साठ बायकांचा किस्सा ऐकून एक तज्ज्ञ खो खो हसले.

"अहो, हे पत्र मुलाखत झाल्यावरही पाठवता आलं असतं."

"आलं असतं," सर म्हणाले.

आठवड्याने यादी लागली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. सरांना वाईट वाटलं, फारच वाटलं. डोकं दुखतंय असं घरी सांगून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रविवारी मात्र ते आणि महेश्वरी रेकॉर्डर घेऊन होटगीत घरोघर निघाले. पहिलं घर कस्तुराबाईचं. माईक पुढे धरायचा अवकाश, बाई वीस मिनिटं थांबली नाही. कांद्याची रोपं, सुनेचं बाळंतपण, मध्येच कन्नडमधून शेजारणीला दम, पुन्हा कांदा. महेश्वरीला हसू आवरेना.

"एवढं छान बोलता," सर म्हणाले, "मग मागच्या वेळी का लाजलात?"

"कोन लाजलं?" कस्तुराबाईने त्यांच्याकडे नवलाने बघितलं. "मला कुनी इचारलंच न्हाई की."

मुलाखतीच्या खोलीत सरांची मान ताठ राहिली होती. त्या अंगणात ती खाली गेली.

"आता विचारतो," ते म्हणाले, आणि चपला काढून जमिनीवर बसले.