आजोबा कुठल्या रकान्यात

आमच्या शाळेतला आठवडा आदल्या शुक्रवारी साप्ताहिक नियोजनाच्या तक्त्यात सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या तक्त्यावर सही करतात आणि सही झाली की मुलं शिकली असं धरून चालतात. तिसरीसाठी मी या वेळी लिहिलं होतं: घटक, सजीव आणि निर्जीव. सोमवारी ओळख, बुधवारी घरचं निरीक्षण, गुरुवारी परिसरभेट, शुक्रवारी प्रदर्शन. वाचायला इतकं छान होतं की हे असंच होईल, असं क्षणभर मलाही वाटलं.

सोमवारी मी फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहिली. हालचाल करतात, श्वास घेतात, अन्न घेतात, वाढतात, त्यांना चेतना असते आणि त्यांच्यापासून त्यांच्यासारखेच सजीव जन्माला येतात. खडू खाली ठेवते न ठेवते तोच वकील उभा राहिला. हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त हजेरीपटच वापरतो. वकिलाचे पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून तो दिवसभर युक्तिवाद करत असतो.

"बाई, मोठ्या बाईंना मुलं नाहीत."

"बरं, मग?"

"मग त्या सजीव नाहीत."

मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्या बाईंची बाजू घेतली. "अरे, पण बाकीची लक्षणं आहेत ना त्यांच्यात!"

"वाढतात कुठे त्या? मी पहिलीत होतो तेव्हाही एवढ्याच होत्या."

"वाढतात की. आडव्या वाढतात."

मी फळ्याकडे तोंड करून उगाचच काहीतरी पुसत राहिले. शेवटी वर्गाने मोठ्या बाईंना काठावर पास केलं.

चेतना म्हणजे काय, हे सांगताना मी म्हटलं, "हाक मारली, टोचलं, डोळ्यांवर उजेड पाडला, की सजीव काहीतरी प्रतिसाद देतो. खुर्ची देत नाही." त्याचा परिणाम मधल्या सुट्टीत दिसला. शिपाईकाका घंटेखालच्या स्टुलावर डुलक्या काढत होते. माझ्या वर्गातल्या चौघांनी झाडूची काडी त्यांच्या कानात घातली. काका ताडकन उठले आणि अभ्यासक्रमात नसलेले दोन शब्द बोलले. "सजीव!" असं ओरडत पोरं पळाली. मी सगळ्यांना रांगेत उभं करून झापलं. खरं सांगायचं तर, कुठलाही धडा इतका पक्का डोक्यात बसलेला मी आजवर पाहिला नव्हता.

या गोंधळात शंका नव्हती. शंका म्हणजे खिडकीजवळ बसणारी काटकुळी पोर. दर दोन वाक्यांनी तिचा हात वर जातो, "बाई, एक शंका." हे नाव आम्ही शिक्षिकांनीच ठेवलं आणि ते तिच्या आईलाही आवडलं. त्या सोमवारी मात्र तिने एकदाही हात वर केला नाही. ताप असेल म्हणून मी कपाळाला हात लावून पाहिलं, तर कपाळ गार होतं. ती नुसती फळ्यावरची लक्षणं वहीत उतरवत होती, एकेक शब्द जीभ बाहेर काढून.

बुधवारी सगळ्यांनी घरून चित्रं काढून आणायची होती. कागदाच्या मधोमध रेघ, एका रकान्यात घरातला एक सजीव, दुसऱ्यात एक निर्जीव. घरोघरची मांजरं, कुंड्या, मिक्सर आणि टीव्ही तपासत मी शंकाच्या कागदाशी आले. सजीवच्या रकान्यात ट्यूबलाइटमागची पाल होती, शेपटीसकट. निर्जीवच्या रकान्यात एक कॉट. कॉटवर घड्या घातलेले कपडे, इस्त्री, मिक्सरचं रिकामं खोकं आणि या सगळ्याच्या पलीकडे पांघरुणातून बाहेर आलेलं एक लांब नाक. खाली लिहिलं होतं: आजोबा.

आधी मला हसू फुटलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

"हे काय गं?"

"बाई, मी सगळी लक्षणं तपासली," शंका म्हणाली. "हालचाल नाही, आईच त्यांची कूस बदलते. वाढ नाही, उलट कमी झालेत."

"अगं, जेवतात ना ते?"

"ते स्वतः घेत नाहीत. आई घालते. गिरणीत पण आपण धान्य घालतोच की."

"आणि श्वास?"

ती जराशी अडखळली. "श्वास घेतात. पण पंखा पण हवा घेतो."

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. आजोबा बसमध्ये कंडक्टर होते आणि घरीही दिवसभर बोलत असायचे. मागच्या वर्षी त्यांना झटका आला तेव्हापासून एक शब्द नाही. नव्या सोफ्यामुळे पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि आईची पाठ गेली आहे. शनिवारी बाबांच्या मित्राचा टेम्पो येणार आहे. गावाबाहेर आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथे कॉट आपली आपण न्यायची असते. टेम्पोत कॉट जाणार आणि कॉटबरोबर आजोबा.

"बाबा म्हणतात, त्यांना काही कळत नाही, कुठेही ठेवलं तरी सारखंच." तिने कागदाचा कोपरा गुंडाळला, पुन्हा सरळ केला. "बाई, एक शंका. निर्जीव असतील तर ठीक आहे ना? पण सजीव असतील तर आधी त्यांना विचारायला पाहिजे ना?"

मी लाल पेन उचललं. बरोबर द्यायचं की चूक? इतक्या वर्षांत पोरांनी माझ्या नाकीनऊ आणले, पण पेन असं हातात राहिलं नव्हतं. मला भयंकर राग आला. लोकांच्या घरचे प्रश्न सोडवायचे पैसे मला मिळत नाहीत, तिसरी सांभाळायचेच जेमतेम मिळतात. मी पेनाला टोपण लावलं. शेजारचा वकील मान लांब करून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, असं कसं ठरवणार? तपासायला पाहिजे. शिपाईकाकांना तपासलं तसं."

"खाली बस," मी म्हटलं.

गुरुवारी परिसरभेट होती. रोपवाटिका, तक्त्यावर मोठ्या बाईंच्या सहीसकट. आम्ही बाहेर जातो तेव्हा सगळी पोरं एक लांब दोरी धरून चालतात. पुढचं टोक एका मुलाच्या हातात, मागचं माझ्या, कारण रेंगाळणारे सगळे मागेच असतात. पुढच्या टोकाची पाळी दर आठवड्याला बदलते. या आठवड्यात ती शंकाची होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

रोपवाटिकेत माळीदादांनी रोपं दाखवली, वकिलाने एका रोपाला टोचून पाहिलं, त्याने प्रतिसाद दिला नाही, त्यावर वाद झाला आणि आम्ही परत निघालो. मी मागे एकाच्या बुटाची नाडी बांधत होते. मान वर केली तर दोरीचं पुढचं टोक डाव्या गल्लीत वळलेलं. शाळा सरळ होती. मी जोरात ओरडले असते तर दोरी जागच्या जागी थांबली असती, माझा आवाज त्या कामासाठीच प्रसिद्ध आहे. मी ओरडले नाही. नाडीची गाठ घट्ट केली आणि दोरी जाईल तिकडे गेले.

शंकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत तीसेक पोरं दोरीसकट चढली. आवाजाने मधल्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या, गर्दी पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मला हळूच विचारलं, "गेले का हो?"

"तेच बघायला आलोय," मी म्हटलं आणि वर चढले.

मी पोहोचेपर्यंत शंकाच्या आईने दार उघडलं होतं. खांद्यावर मोजायची टेप, हातात कात्री. घरी बसून ती कपडे अल्टर करून देते. पोरांच्या डोक्यांवरून तिला मी दिसले आणि तिचा चेहराच पडला.

"बाई, काय केलं हिने?"

"आई, परिसरभेट," शंका म्हणाली आणि दोरी घेऊन आत घुसली.

खोली चित्रात होती तशीच होती, फक्त सोफा चित्रात मावला नव्हता. एवढा मोठा सोफा की त्याच्यासाठी भिंत मागे सरकवावी लागली असावी. सोफा आणि कपाट यांच्या फटीत कॉट. शंकाचे बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. त्यांची दुपारपाळी होती म्हणून घरीच होते आणि कॉट दारातून निघेल का, ते पट्टीने मोजत होते. मला पाहून त्यांनी पट्टी पाठीमागे लपवली. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी ते बोलायला लागले. "बाई, तुम्ही काय समजाल ते समजा. हिची पाठ कामातून गेली. रात्रभर उठबस. मी दिवसभर लोकांच्या लिफ्टा वर नेतो आणि घरी आलो की अण्णांना उचलतो. आणि त्यांना तर कळतही नाही, कोण उचलतंय ते."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही.

तोवर वकिलाने तपासणी सुरू केली होती. रोपवाटिकेतून उचललेलं पीस त्याने आजोबांच्या तळपायावर फिरवलं. काही नाही. एकीने कानाशी टाळी वाजवली. काही नाही. शंकाने तोंड जवळ नेऊन हाक मारली, "आजोबा, मी आहे." ते लांब नाक छताकडे तसंच राहिलं. डोळे अर्धे उघडे, पालीकडे लागलेले किंवा कुठेच नाही.

"बघितलंत?" बाबा हळू आवाजात म्हणाले. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. आपलं म्हणणं चुकावं अशी या माणसाची फार इच्छा होती, असं मला त्या क्षणी वाटलं. शंकाने खिशातून घडी घातलेलं चित्र काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

इकडे दारात वेगळाच तमाशा. पुढची पाचसहा पोरं कॉटपाशी, बाकीची सगळी उंबऱ्यावर अडकलेली. दोरी सोफ्याच्या पायात गुंतली होती. "मला दिसत नाही!" "ए, ढकलू नको!" "माझी चप्पल!" कोणीतरी रडायला लागलं. मी ओरडायला तोंड उघडलं.

"दारात उभे राहू नका!"

आवाज माझा नव्हता. जाडाभरडा, गंजलेला, पण असा खणखणीत की जिन्यातल्या काकूंनीही ऐकला.

"पुढे चला, पुढे चला. पुढे सगळं रिकामं आहे. मागच्यांना चढू द्या."

माझ्या वर्गाने आजवर माझं एकदाही पहिल्या हाकेला ऐकलेलं नाही. त्या दिवशी सगळी पोरं मुकाट्याने पुढे सरकली. सोफ्यावर, सोफ्याच्या मागे, टेबलाखाली, जिथे जागा नव्हती तिथेही मावली. आईच्या हातातली कात्री खाली पडली.

आजोबांची मान थोडी वळली होती. समोर त्यांचा मुलगा उभा होता, हातात पट्टी तशीच. ते त्याच्याकडे पाहत होते. ओळखलं होतं का? मला नाही वाटत. एखाद्या उभ्या प्रवाशाकडे पाहावं तसे पाहत होते, जरा वैतागून.

"तुम्ही का उभे?" आजोबा म्हणाले. "बसा की. जागा आहे."

बाबांनी कॉटकडे पाहिलं. कॉटवर जागा कुठे होती! इस्त्री होती, कपडे होते, खोकं होतं. त्यांनी खोकं उचललं, कुठे ठेवावं ते कळेना म्हणून वकिलाच्या हातात दिलं. कपडे बायकोला दिले. इस्त्री मला दिली. मग ते कॉटच्या कडेवर, वडिलांच्या पायाशी बसले आणि आम्हा सगळ्यांसमोर तोंड झाकून हमसून हमसून रडले. आजोबांनी डोळे मिटले. त्यांची फेरी संपली होती.

"सजीव," वकील दबक्या आवाजात म्हणाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आम्ही उशिरा परतलो म्हणून मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून धुतलं. नियोजनात नसलेल्या ठिकाणी वर्ग नेला, लेखी खुलासा द्या. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बाई, वर्गाने तुम्हाला पास केलंय, एवढं लक्षात ठेवा." त्यांना काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

शुक्रवारच्या प्रदर्शनात शंकाचा कागद नव्हता. विचारलं तर म्हणाली, अजून नक्की ठरत नाहीये. त्या एका फेरीनंतर आजोबा पुन्हा बोलले नव्हते. मी जास्त खोदलं नाही. शनिवारी दिवसभर मात्र माझं घरात कशात लक्ष लागलं नाही. बाहेर टेम्पो वाजला की मी खिडकीत जायची. कुठल्याही टेम्पोला जायची, आमच्या गल्लीत त्याचं काही काम नसताना.

सोमवारी हजेरी घेऊन होते न होते तोच खिडकीजवळचा हात वर गेला.

"बाई, एक शंका."

"बोल."

"टेम्पो आला होता." तिने घडी घातलेला नवा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि तो उघडायच्या आत घाईघाईने विचारलं, "सोफ्याला आधी विचारायची गरज नव्हती ना?"