हरलो तर दाढी फुकट

आमच्या दुकानाच्या दारावर एक पाटी आहे. पिवळ्या फळीवर काळी अक्षरं: 'पिवळे हरले, तर दुसऱ्या दिवशी दाढी फुकट. सर्वांना.' शेवटचा शब्द नवऱ्याने मागाहून वाढवला, कारण त्या वर्षी त्याच्या अंगात हत्तीचं बळ संचारलं होतं. पिवळे म्हणजे आमच्या गावचा फुटबॉल क्लब. दहा वर्षांत आठ अजिंक्यपदं, आणि त्या मोसमात तर पिवळे सलग एकतीस सामने हरलेच नव्हते. लोक उचलली जीभ लावली टाळ्याला करतात, याने उचलला ब्रश आणि लावला फळीला.

नवऱ्याला सगळं गाव कप्तान म्हणतं. मैदानावर तो आयुष्यात वीस पावलं धावला नसेल, पण खुर्चीमागे उभा राहून, हातात वस्तरा घेऊन, त्याने पिवळ्यांचे जेवढे सामने जिंकून दिलेत तेवढे त्यांच्या खऱ्या कप्तानानेही दिले नसतील. दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे त्याच्या दोन खुर्च्या, आणि प्लायवूडच्या आडोशामागे माझं बायकांचं पार्लर. प्लायवूड पातळ आहे, त्यामुळे पुढची एकही थाप माझ्या कानातून सुटत नाही.

पहिली काही वर्षं पाटीने कसलाच त्रास दिला नाही. वर्षाकाठी दोन-तीनदा पिवळे हरायचे, आणि दुसरी सकाळ म्हणजे गंमतच असायची. कोपऱ्यावरचा औषधवाला निळ्यांचा, म्हणजे पिवळ्यांच्या हाडवैऱ्यांचा, भक्त. पिवळे हरेपर्यंत दाढीच करायची नाही, असा त्याचा पण. एकदा सात आठवडे थांबला होता. औषध घ्यायला आलेली माणसं त्यालाच विचारायची, तब्येत बरी आहे ना म्हणून. शेवटी त्याच्या बायकोने माझ्यापुढे हात जोडले, की वहिनी, तुमच्या माणसांना एकदा हरायला सांगा, घरात माणूस ओळखू येत नाही.

मग पिवळ्यांना उतरती कळा लागली. गोल मारणारा पोरगा दुसऱ्या क्लबने पळवला. बचावातल्या भरवशाच्या माणसाचा गुडघा गेला. दोन वर्षांत चार प्रशिक्षक आले आणि गेले. चौथ्याचा तर सामान उतरवायचा टेम्पो तसाच परत पाठवला म्हणतात. बुडत्याचा पाय खोलात, तसं दर शनिवारी काहीतरी नवीन व्हायचं. शनिवारी मैदानावर पिवळ्यांची बिनपाण्याने हजामत व्हायची, आणि रविवारी कप्तान साबण-पाणी घेऊन सगळ्या गावाची करायचा.

रविवार सकाळ हा आमचा खरा कमाईचा वेळ. आता त्याच वेळी पावाच्या दुकानापर्यंत रांग. निळे तर यायचेच, पण चेंडू गोल असतो यापलीकडे काही माहीत नसलेली माणसंही यायची. फुकट ते पौष्टिक. एकाने बारा वर्षं जपलेली दाढी उतरवून घेतली, आणि घरी गेल्यावर नातवंडं त्याला बघून रडली.

पिवळ्यांची स्वतःची माणसं मात्र रविवारी फिरकत नसत. निवृत्त मास्तर, वेल्डर, टपालवाला आणि त्यांची सगळी टोळी सोमवारी यायची, मुकाट्याने दाढी करून घ्यायची, पैसे ठेवून निघून जायची. रविवारी रस्त्यात गाठ पडलीच तर खुंट वाढलेल्या गालांवर हात धरून पलीकडच्या बाजूने चालायची. कप्तानाच्या पडत्या काळात फुकट गाल पुढे करायचा नाही, असं त्यांचं आपापसात न बोलता ठरलं होतं.

सगळेच काही असे नव्हते. असतील शिते तर जमतील भुते, आणि त्या भुतांत माझा सख्खा भाऊ पहिला. आठ अजिंक्यपदं त्याने पिवळा शर्ट घालून कप्तानाच्या खांद्यावर बसून साजरी केली होती. पिवळे दहाव्या नंबरवर घसरले त्याच आठवड्यात तो निळा शर्ट घेऊन आला. वर मलाच समजावलं, "ताई, माझं प्रेम क्लबवर नाही, खेळावर आहे." खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तो शहाणाच वाटला.

कारण माझं डोकं तेव्हा तापलेलं होतं. दुसऱ्या खुर्चीचा कारागीर सोडून गेला. रविवारभर राबायचं आणि वर बक्षिसीही नाही, म्हणून तो समोरच्या दुकानात लागला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यानंतर कप्तान एकटाच रविवारी चाळीस-पंचेचाळीस दाढ्या करू लागला. त्याचं उजवं मनगट सुजायचं. दुपारी मी शेकायला बसायचे आणि तो मला आदल्या दिवशीचा सामना सांगायचा, पंचाने कुठे डोळे मिटले, वाऱ्याने कसा घात केला. मनगट माझ्या हातात आणि जीव तिकडे.

एके दिवशी मी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "पाटी काढ. हे मनगट गेलं तर दुकान गेलं."

तो म्हणाला, "अगं, जिंकत होतो तेव्हा लावली, तेव्हा ती नुसती फुशारकी होती. आता हरताना ठेवली, तरच तो शब्द."

मी जास्तच चिडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, वगैरे जे जे आठवलं ते सगळं ऐकवलं. शेवटी त्यानेच तोडगा काढला. पिवळे मोसमाअखेर तळाला राहून खालच्या गटात ढकलले गेले, तर त्या हरण्याची फुकट दाढी करून पाटी उतरवायची. मला तसा शब्दच दिला त्याने, आणि देताना हसत होता. पिवळे आणि खालचा गट? त्याच्या मते सूर्य पश्चिमेला उगवला असता.

मोसम सरत आला तसा सूर्य पश्चिमेकडे सरकू लागला. पिवळ्यांच्या खाली पाच संघ उरले, मग चार, मग तीन. आणि माझं काय झालं ते मलाच कळेना. पाटी उतरायला हवी, म्हणजे पिवळे पडायला हवेत, हे मला पक्कं माहीत होतं. तरी शनिवारी पुढच्या बाजूला टीव्ही लागला की माझा कान प्लायवूडला. पेनल्टी मिळाली त्या दिवशी मी एका बाईच्या भुवया कोरत होते. पेनल्टी हुकली, आणि त्या बाईची उजवी भुवई डावीच्या निम्मी झाली. सहा आठवडे ती पेन्सिलीने भरून काढत होती.

शेवटच्या सामन्यात वरच्या गटात टिकायला बरोबरी पुरे होती. दुकानात उभं राहायला जागा नव्हती, पिवळे आणि निळे खांद्याला खांदा लावून. मी पार्लर बंद केलं आणि आडोशाच्या कडेला उभी राहिले, काहीतरी शोधतेय असं दाखवत. एक-एक. शेवटची चार मिनिटं. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला, चेंडू आत आला, आमच्याच बचावातल्या एका भाबड्या पोराच्या नडगीला लागला आणि आमच्याच जाळ्यात शिरला. संपलं.

इतकी वर्षं औषधवाल्याने हाच दिवस मागितला होता, आणि आम्ही सगळे त्याच्या हसण्याची वाट बघत होतो. तो उठला, टोपी घातली, दारात थांबला आणि म्हणाला, "आता शनिवारी मी चिडवायचं कोणाला?" आणि गेला. कप्तानाने टीव्ही बंद केला, दोन्ही खुर्च्या पुसल्या. घरी जेवला नाही. मी जिंकले होते, आणि मला भयंकर वाईट वाटत होतं.

सकाळी तो नेहमीच्या वेळेला उठला. आज शेवटचं, म्हणाला, कालची हार पाटीच्या हिशेबात बसते. मनगटाला पट्टी बांधून, वस्तरा पारजून तो दारात उभा राहिला. मी त्याच्या मागे. आम्हाला वाटलं होतं, पावाच्या दुकानापर्यंत निळेच निळे असतील.

आले ते पिवळे. वीस-बावीस जण, सगळे पिवळे शर्ट घालून, मास्तर पुढे. आणि प्रत्येकाचं थोबाड रक्ताळलेलं. हनुवटीवर, गालांवर, कानाखाली कागदाचे तुकडे चिकटवलेले. वेल्डरच्या गळ्यावर तीन चिरा. टपालवाल्याने ओठच कापून घेतला होता. मास्तरांची मिशी डाव्या बाजूला होती, उजव्या बाजूला नव्हती.

"घरीच दाढी करून आलोय," मास्तर म्हणाले. "आज तुझ्यावर आमचं ओझं नको. नुसतं तुझ्याजवळ बसायला आलोय."

झालं होतं असं, की या माणसांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं स्वतःच्या हाताने दाढी केलीच नव्हती. आधी बाप करायचा, म्हणजे माझे सासरे, आणि मग मुलगा. कोणाच्या घरी धड वस्तरा नव्हता. वेल्डरने बायकोचं काहीतरी वापरलं होतं आणि ती माहेरी निघाली होती. कप्तानाने एकेकाकडे पाहिलं, मास्तरांच्या मिशीपाशी त्याची नजर अडली, आणि तो इतका हसला की भिंतीला टेकून खाली बसला. मग लक्षात आलं की तो रडतोय. मी तर आडोशामागे जाऊन सरळ सरळ रडले. इतकी वर्षं मला वाटायचं, नवऱ्याला खेळाचं वेड आहे. खेळामागे त्याची ही माणसं होती.

पुढचा तासभर दुकानात तुरटी फिरत होती. ओझं नको म्हणून आलेल्यांनी एका तासात तुरटीचे तीन खडे संपवले. तुरटी लागली की मोठमोठी माणसं पाय आपटत होती, आणि बाकीचे त्यांना हसत होते. मास्तरांची उरलेली अर्धी मिशी कप्तानाने उतरवली. तिचे पैसे मास्तरांनी बळेबळे दिले, कारण मिशी पाटीत लिहिलेली नाही. मधेच औषधवाला आला. त्याने सगळ्यांच्या हनुवट्या पाहिल्या, परत गेला आणि कापसाचं मोठं पुडकं आणि मलमाच्या दोन ट्यूबा घेऊन आला. त्या दिवशी दाढीला तो बसलाच नाही. माझा भाऊही आला होता, निळ्या शर्टात, फुकट दाढीला. तो उंबऱ्यातूनच मागे फिरला. मी हाक मारली नाही.

दुपारी सगळे गेल्यावर कप्तानाने स्टूल घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाटीपाशी चढला. पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याला पट्टी बांधलेलं मनगट जोर देईना.

"खाली उतर," मी म्हटलं.

"शब्द दिलाय तुला."

तो खरंच उतरणार नव्हता. गावाला दिलेला शब्द ज्याने मनगट सुजवून पाळला, तो बायकोला दिलेला मोडणार होता होय? मी स्टुलाशी गेले आणि खालून हात पुढे केला.

"मलाच दिलायस ना? म्हणजे तो माझा झाला. मला नको तो. घे परत."

मनगटाचं काय, असं त्याने स्टुलावरूनच विचारलं. मी म्हटलं, दुसरी खुर्ची रिकामी आहे, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी फुग्यावर साबण लावून वस्तरा कोणी शिकवला होता मला? एकही फुगा फुटला नव्हता. रविवारची निम्मी रांग माझी. त्याने निघालेला स्क्रू पुन्हा बसवला. शेवटचे दोन फेरे मी दिले.

नव्या मोसमातला खालच्या गटातला पहिला सामना पिवळे दोन-शून्य हरले, तेही अशा संघाशी, ज्याचा गोलरक्षक आठवडाभर बस चालवतो. रविवारी पुन्हा पावाच्या दुकानापर्यंत रांग. माझ्या खुर्चीत पहिलाच आला औषधवाला, तीन आठवड्यांची दाढी घेऊन, खुशीत. गळ्याभोवती कापड बांधलं, फेस लावला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की वस्तरा आज माझ्या हातात आहे.

"वहिनी, हात हलका आहे ना?" त्याने विचारलं.

मी त्याची हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्याला लावला.

"कालचा दुसरा गोल ऑफसाइड होता," मी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं?"

त्याने मान न हलवता, अगदी जपून, होता म्हणून सांगितलं.